डीबेसनं दिलेलं चूलबंद आवतण

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला मी अख्खं गाव जेवायला बोलावलं होतं, हे मला लग्नाच्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कळलं.

वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण मी तेव्हा जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि आधी घड्याळ पाहून मग दचकायची सवय लागली होती. गोष्ट नव्वदीतली. गाव आमचं, दोंडाईच्याच्या अलीकडे चार मैलांवरचं. घरं साडेतीनशेच्या आसपास.

आमच्या गावात लग्नाचं आवतण दोन प्रकारचं असे. एक ‘घरटी एक’. म्हणजे घरातल्या एका माणसानं यायचं, अक्षता टाकायच्या, जेवायचं. बाकीच्यांनी आपल्या घरी भाकरी खायची. दुसरं ‘चूलबंद’. म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. आजीपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळी पंगत लग्नघरी. हे आवतण भाऊबंदांना आणि अगदी जिवाभावाच्या चाळीसेक घरांनाच द्यायचं. माझे वडील, आबा, प्राथमिक शाळेत गुरुजी होते. निवृत्त झाल्यावरही अर्ध्या गावाच्या लग्नपत्रिकांवर नावं तेच घालत. नाव काळ्या शाईत; चूलबंद असेल तर कोपऱ्यात लाल शाईनं तेवढा एक शब्द. त्या लाल शब्दासाठी लोक वर्षानुवर्षं संबंध जपत.

नावं कोणाची घालायची हे मात्र आबा ठरवत नसत. ते अक्का ठरवे. अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं; गावातला माणूस मात्र पाठमोरा ओळखता येई. अक्काचं डोकं आणि आबांचा हात, अशी आमच्या घरची व्यवस्था तीस वर्षं बिनबोभाट चालली होती.

शोभाच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, लग्नाला दीड महिना उरला असताना एका शेळीला वाचवण्याच्या नादात आबा सायकलवरून पडले. शेळीला काही झालं नाही. आबांचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये गेला.

“आता पत्रिका कोण लिहिणार?” आबांनी विचारलं. हात मोडल्यापेक्षा या प्रश्नानं ते जास्त पांढरे पडले होते.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, “आबा, काळजी करू नका. कॉम्प्युटर लिहील.”

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. “तुनं मशीन लिखी? त्याले गावना लोक म्हाईत शेत का?”

“लोक तू सांग, अक्का. मशीन फक्त प्रश्न विचारेल.”

“मंग तुले कसाले ठेवेल शे?” अक्कानं विचारलं. हा प्रश्न पुढे बऱ्याच जणांनी विचारला.

*

माझ्या आत्मविश्वासाला आधार नव्हता असं नाही. पेपरात लागण्याआधी मी धुळ्यात कापडाच्या एका दुकानावरच्या माडीत सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा क्लास केला होता. तिथे आम्हाला डीबेस, म्हणजे याद्या आणि नोंदी ठेवायचा प्रोग्रॅम, शिकवला. आज कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल, पण त्या काळ्या पडद्यावर सुरुवातीला काहीच नसे. नुसतं एक टिंब असे. त्या टिंबापुढे आपण आज्ञा लिहायची. लिहीपर्यंत ते टिंब तसंच थांबून राही. इतकं शांतपणे माझं ऐकून घेणारं दुसरं कोणी मला तोवर भेटलं नव्हतं (आणि नंतर माझं लग्न झालं).

फॉर्म तयार करण्याची त्यातली रीत मला तेव्हाही चमत्कारासारखी वाटे. पडद्याच्या कितव्या ओळीत, कितव्या घरात काय दाखवायचं ते आधी सांगायचं. त्याला ‘से’. मग माणसाकडून तिथे काय घ्यायचं ते सांगायचं. त्याला ‘गेट’. शेवटी ‘रीड’ म्हटलं की तो निर्जीव पडदा एकदम बोलता होई. विचारी, थांबे, चुकीचं उत्तर दिलं तर टूं करून तिथेच अडवून धरी. आमचे सर म्हणत, “फॉर्म म्हणजे मुलाखत आहे. एका वेळी एक प्रश्न. नीट उत्तर मिळाल्याशिवाय पुढे सरकायचं नाही.” हे वाक्य मी निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहून घेतलं होतं. पेपरातल्या नोकरीतही त्याचा उपयोग झाला.

पण सात-आठ वर्षांत मी डीबेसला हात लावला नव्हता. दरम्यान आमच्या कचेरीत पानं लावण्यासाठी नवं मशीन आलं. त्यात रंगीत खिडक्या, सावलीची बटणं, बाण हलवायचा उंदीर. साहजिकच मी आधी त्याच्याकडे गेलो. पहिल्या दिवशी दुपारी, पाळी सुरू होण्याआधी, मी एक सुरेख फॉर्म काढला. कोपऱ्यात सनईवाल्याचं चित्रसुद्धा! दुसऱ्या दिवशी त्यात दोन नावं भरली. तिसऱ्या नावाला मशीन गारठलं आणि त्याबरोबर दुसऱ्या दिवशीचं पान तीनही.

आमच्या जुळणी विभागाचे प्रमुख पुरुषोत्तमभाऊ शांत स्वभावाचे होते. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, लग्न तुमच्या बहिणीचं आहे. पेपराचं कशाला लावता?” आणि त्यांनी कोपऱ्यातल्या, धूळ बसलेल्या जुन्या मशीनकडे बोट दाखवलं. त्यात मराठी अक्षरांचं कार्ड बसवलेलं होतं आणि, पुरुषोत्तमभाऊंच्या आठवणीप्रमाणे, डीबेसही होतं.

मी कळ दाबली. पडदा काळा झाला. आणि डाव्या कोपऱ्यात ते टिंब उगवलं.

मी खरोखर उठून उभा राहिलो. मधल्या काळात माझं लग्न झालं होतं, केस मागे सरले होते, तीन संपादक बदलले होते. टिंब जिथे सोडलं होतं तिथेच होतं. ‘कुठे होतास इतके दिवस?’ असंसुद्धा त्यानं विचारलं नाही.

निळी वही शोधून काढली. तीन दुपारांत फॉर्म तयार झाला. चार प्रश्न होते: नाव, गल्ली, नातं, आवतण. आवतणाच्या जागी १ म्हणजे घरटी एक, २ म्हणजे चूलबंद. तिसरा कोणताही आकडा दाबला की टूं! बहुतेक घरं घरटी एकच असणार, म्हणून मी तिथे आधीच १ भरून ठेवला. चूलबंद असेल तेव्हाच २ दाबायचा. नाहीतर नुसतं एंटर करून पुढे. एक नाव पूर्ण झालं की मशीन आपोआप पुन्हा पहिल्या प्रश्नावर येई. सर याला फेरा म्हणत. असे साडेतीनशे फेरे मारायचे होते. फॉर्म इतका देखणा झाला होता की मी पुरुषोत्तमभाऊंना दोनदा बोलावून दाखवला. दुसऱ्यांदा ते म्हणाले, “आधी पाहिलाय.”

*

सुटीच्या दिवशी दुपारी अक्का गाडीनं जळगावला आली. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं असे आणि आत कूलर असे.

“मशीनले कूलर,” अक्का आत बसत म्हणाली, “नि बाहेर माणसं घाम गाळी राहिनात! बरं, लिख. पहिलं मारुतीरायाले.”

पहिली पत्रिका वेशीजवळच्या मारुतीला, ही आमच्याकडची रीत. मी टंकलं. नाव: मारुती. गल्ली: वेशीजवळ.

“नातं काय लिहू, अक्का?”

“लिख ना, बठ्ठा गावना तो.”

‘सगळ्या गावाचा,’ मी टंकलं. “आणि आवतण? घरटी एक की चूलबंद?”

अक्का माझ्याकडे बघतच राहिली. “देवले घरटी एक सांगशी का तू?”

मी मुकाट्यानं २ दाबला. (मारुतीला ना घर, ना चूल, ना कुटुंब. पण त्याला एकट्यानं या म्हणायची माझी छाती झाली नाही.) पहिला फेरा पूर्ण झाला. मी ‘आता बघ’ अशा नजरेनं अक्काकडे पाहिलं. पण त्यानंतर मी जे पाहिलं, त्यानं माझं मशीनकडचं लक्ष पार उडालं.

अक्कानं डोळे मिटले आणि ती गावात शिरली. नावं आठवण्याची तिची रीत नव्हतीच. ती वेशीतून निघाली, उजव्या हाताच्या गल्लीत वळली आणि एकेका दारापुढे थांबत चालली. “आठे वामन. त्यानी माय. दोन पोरं. हां, पुढे चाल. आठे कुलूप शे, त्या सुरतले गयात. पन पत्रिका कडीले लाई दे, कोनी तरी सांगी त्यास्ले.” मध्येच पाय दुखल्यासारखी ती क्षणभर थांबली; नंतर माझ्या लक्षात आलं, तिथे आमच्या गावात चढ आहे! एकही घर सुटलं नाही, एकही दोनदा आलं नाही. कोणाची सून माहेरी आहे, कोणी नवं दळण आणलंय, कोणाकडे पाहुणे उतरलेत, तेही प्रत्येक दाराशी सांगितलं गेलं. त्यासाठी माझ्या फॉर्ममध्ये जागा नव्हती. ती चूलबंद म्हणाली की मी २ दाबत होतो. काही बोलली नाही की एंटर. मी दोन बोटांनी टंकतो आणि माझी नजर कीबोर्डवर असते. पडदा मी फारसा पाहिला नाही.

चढ संपल्यावर ती एका दाराशी जरा जास्त वेळ थांबली.

“नाना,” ती म्हणाली.

नाना म्हणजे आमच्या शेताशेजारचे शेतकरी. बांधावरच्या एका निंबाच्या झाडावरून त्यांच्यात आणि आबांमध्ये बारा वर्षं बोलणं नव्हतं. दोघं समोरासमोर आले तर एक जण चक्क मागे फिरे. कोणी फिरायचं, याची पाळीसुद्धा ठरलेली होती.

“त्यांना बोलवायचं?”

“रीतपुरतं. घरटी एक. तो काय येस! बारा वरीस व्हयनात.”

मी एंटर दाबलं.

साडेतीन तासांत अक्का गावाबाहेर पडली आणि तिनं पाणी मागितलं. मी छापायची आज्ञा दिली. करकरत एकेक चिठ्ठी बाहेर येऊ लागली: मध्ये नाव, खाली गल्ली, कोपऱ्यात आवतण. टंकलेलं ते असं छापून येताना पाहून माझा ऊर भरून आला.

संध्याकाळी घरी माझी बायको सुनीता आणि अक्का पत्रिकांवर चिठ्ठ्या चिकटवत बसल्या. सुनीता नाशिकची. चूलबंद हा प्रकार तिला नवा होता. ‘सहकुटुंब सहपरिवार’सारखं काहीतरी सगळ्यांसाठीच असेल, असं तिला वाटलं. अक्काला वाचता येत नव्हतं. पण तिनं एक चिठ्ठी हातात घेतली, दुसरी घेतली, दहा-बारा ओळीनं मांडल्या आणि म्हणाली, “बापू, आबा लिखस तव्हय कोपरामा लाल शाई एखादीवरच ऱ्हास. आठे बठ्ठ्यास्ना कोपरामा सारखंच शे. असं कसं?”

तीनशे चौऱ्याऐंशी पानांचा शैलीग्रंथ पाठ असलेल्या उपसंपादकाला निरक्षर बाईनं दाखवलेली ती चूक होती. मी वर न पाहता म्हणालो, “अक्का, मशीनचं सगळं एकसारखंच असतं. तीच तर त्याची कला आहे.”

“अहो, अक्का म्हणतायत तर एकदा वाचून बघा,” सुनीता म्हणाली.

“दिवसभर लोकांच्या चुकाच वाचतो,” मी म्हणालो. “घरी तरी नको.”

हे वाक्य सुनीतानं पुढे जपून ठेवलं.

*

गठ्ठा एसटीनं गावी गेला आणि आबांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं दारोदार वाटला. त्यानंतर आठवडाभर गावातली माणसं आबांना रस्त्यात थांबवून वाकून नमस्कार करत होती. आबांना वाटलं, हाताची चौकशी आहे. ते सगळ्यांना सांगत, “बरं आहे आता. खाज येते फक्त.”

आणि मग तो दिवस. लग्न दुपारी साडेबाराचं. नवरदेवाकडचे लोक पाचोऱ्याहून यायचे होते. मांडवामागे भगवान आचाऱ्यानं चूल खणली होती. बेत आमच्याकडचा ठरलेला: वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी, बुंदी. माणसं पाचशे.

आबा ओट्यावर उभे राहून गावाकडे पाहत होते. “बापू,” ते म्हणाले, “आज गावावर धूर का नाही रे?”

मी पाहिलं. रोज या वेळी प्रत्येक कौलातून धुराची एक रेघ निघालेली असे. त्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. मी घड्याळ पाहिलं. सात वाजून दहा मिनिटं.

समोरच्या दारात वामनची आई नातीची वेणी घालत होती. तिनं ऐकलं. “गुरुजी, आज चूलबंद ना! पोरं कालदिनपासून पोट खाली ठी बठेल शेत!”

आबा तिच्या दारापर्यंत गेले. तिनं कौतुकानं देवघरातून पत्रिका काढून आणली. आबांनी ती वाचली, उलटून पाहिली, पुन्हा वाचली. पलीकडच्या घरातली मागितली. मग त्याच्या पलीकडची. पाचव्या दारातून ते परत आले तेव्हा त्यांनी प्लास्टरचा हात दुसऱ्या हातानं धरला होता.

“हे सगळं मशीननं लिहिलं?”

“हो, आबा.”

“मशीनला कोणी सांगितलं?”

बातमीदार असताना मी अनेकांना असे प्रश्न विचारले होते. समोरची माणसं खाली का बघतात, ते मला तेव्हा कळलं.

भगवान आचाऱ्यानं हिशेब ऐकला आणि हातातला झारा खाली ठेवला. “गुरुजी, पाचशेचं सांगेल व्हतं. हाई तर दोन हजारना घरमा जाई!”

नऊ वाजल्यापासून माणसं येऊ लागली. घरटी एक नव्हे, घरटी घर! सासरी गेलेल्या लेकी आल्या, लेकींच्या सासवा आल्या. एका म्हाताऱ्या बाबांना खाटेसकट आणलं, त्यांनी खाटेवरून विचारलं, “बट्टी मऊ शे ना?” सुरतला गेलेल्या, कुलूप असलेल्या घराची माणसंही आली. कडीला लावलेल्या पत्रिकेचा निरोप कोणीतरी पोहोचवला होता. चौदा जण, रात्रभर प्रवास करून! ‘गुरुजींनी चूलबंद बोलावलं’ म्हणून बायकांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, कारण वेगळं.

आणि साडेनऊला नाना आले. मागे त्यांचं अकरा माणसांचं कुटुंब, सगळे धुतल्या कपड्यांत. मांडवाच्या दारात ते थांबले. आबा समोर. मागे फिरायची पाळी त्या दिवशी आबांची होती. पण मुलीचा बाप आपल्याच मांडवातून मागे फिरून जाणार कुठे?

नानांनी खिशातून पत्रिका काढली. घडी घालून घालून ती मऊ झाली होती. “मी तीनदा वाचाडी घिदी,” ते म्हणाले. “पोऱ्याले सांगं, नीट वाच. तुनी माले चूलबंद बलावं, गुरुजी? माले?”

आबांनी दोनच शब्द बोलायचे होते, ‘चूक झाली’. खरं तेच होतं.

आबा म्हणाले, “मग कोणाला बोलवू, नाना?”

नानांनी त्यांना मिठी मारली, प्लास्टरसकट. आबा दुखून ओरडले. लोकांना ते रडणं वाटलं.

मी आत गेलो. शोभा हळदीच्या साडीत बसली होती. तिला सगळं कळलं होतं. “भाऊ,” ती म्हणाली, “मुलीच्या दारात वऱ्हाड उपाशी राहिलं, तर मला जन्मभर तिथे ऐकावं लागेल. माझ्या लग्नाची बातमी करू नकोस रे.” ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मी परसात अक्काकडे गेलो आणि काय झालं ते सांगितलं. अक्कानं हात धुतले. “मी सांगेल व्हतं ना,” ती म्हणाली, “बठ्ठ्या सारख्या शेत.” तेवढंच. मग ती मांडवाशेजारच्या पायरीवर जाऊन बसली आणि म्हणाली, “बाया बलाव. गल्लीवार.”

त्यानंतरचा तास मी आयुष्यात विसरणार नाही. अक्कापुढे एकेक बाई येत होती आणि अक्का एका वेळी एकच प्रश्न विचारत होती.

“तुना घर पीठ कितलं शे?”

“व्हई शेर-दोन शेर, अक्का.”

“नीट सांग.”

“...चार शेर.”

“परवा दळन आनं ना तू? नीट सांग.”

“दोन पायली शे, अक्का.”

“हां. जाय. बट्टी उकडी आन. तळनं आठे व्हई.”

खरं उत्तर मिळाल्याशिवाय ती पुढे सरकत नव्हती. टूं करत नव्हती इतकंच! जे माझ्या फॉर्ममध्ये मावलं नव्हतं, ते दळण, ते पाहुणे, त्या माहेरी गेलेल्या सुना, सगळं तिच्याकडे जागच्या जागी होतं. एका गल्लीला बट्टी, दुसरीला डाळ, तिसरीला वांगी. सून माहेरी आहे त्या घराला सूट. कोणाचा हंडा मोठा आहे आणि कोणाच्या हंड्याला गळती आहे, तेही विचारावं लागलं नाही. शेवटची बाई गेल्यावर अक्का उभी राहिली आणि गल्लीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, “आजना दिन गावना बठ्ठा चुल्हा मना शेत! पेटाडा!”

आणि चूलबंद बोलावलेल्या गावानं आपल्या चुली अक्काच्या मानून आमच्या लग्नासाठी पेटवल्या.

पहिली रेघ वामनच्या कौलातून निघाली. मग त्याच्या पलीकडून. मग उजव्या हाताची गल्ली, मग चढ, मग नानांचं घर. अक्का डोळे मिटून ज्या क्रमानं चालली होती, त्याच क्रमानं धूर उठत गेला. मी ओट्यावर उभा होतो. एवढा मोठा फॉर्म, एवढा बिनचूक भरला जाताना मी पुन्हा कधी पाहिला नाही.

अकराला पाचोऱ्याच्या दोन बसगाड्या आल्या. नवरदेवाचे वडील उतरले, त्यांनी आभाळाकडे पाहिलं आणि घाबरून विचारलं, “गुरुजी, गावात एवढा धूर कसला?”

“आमच्याकडे पद्धत आहे,” आबा जराही न अडखळता म्हणाले. “मुलीच्या लग्नाला सगळं गाव आपापल्या चुलीवर रांधतं.”

“वा!” व्याही म्हणाले. “किती जुनी?”

मी घड्याळ पाहिलं. पंचवीस मिनिटं जुनी होती.

“फार,” आबा म्हणाले.

बट्ट्या टोपल्यांतून येत राहिल्या आणि भगवान त्या तळत राहिला. वरणाचा ताबा नानांनी घेतला. प्रत्येक पंगतीला ते पातळ होत गेलं. पण नाना वाढताना इतका आग्रह करत की कोणाला बोलायला जागाच उरली नाही. पहिली पंगत वऱ्हाडाची उठली, तृप्त. शेवटची साडेचारला. त्यात मी होतो. माझ्या वाट्याला एक बट्टी आणि पिवळसर गरम पाणी आलं. इतकं चवदार वरण मी त्याआधी खाल्लं नव्हतं.

निघताना शोभा सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. माझ्या गळ्यात पडल्यावर कानात म्हणाली, “भाऊ, सासरी सगळे त्या पद्धतीचं कौतुक करतायत. तू मशीनबद्दल कोणाजवळ बोलू नकोस.”

आबा मला रागावले नाहीत. जळगावची गाडी धरायला निघालो तेव्हा त्यांनी गुरुजींच्या आवाजात एवढंच सांगितलं, “चूक कुठे आहे, ते शोध.”

शोधली. १ भरून ठेवायची ती ओळ मी फेरा सुरू होण्याआधी लिहिली होती. ती फेऱ्याच्या आत हवी होती. पहिल्या फेऱ्यात मारुतीरायासाठी मी १ पुसून २ केला. तो पुन्हा १ करायला मशीनला कोणी सांगितलंच नाही. म्हणून पुढच्या प्रत्येक घरापुढे २ आयता उभा होता आणि मी मान खाली घालून त्यावर एंटर दाबत गेलो. डीबेसनं माझं शब्दशः ऐकलं होतं. मारुतीचा मान त्यानं गावातल्या प्रत्येक दाराला दिला. निळ्या वहीत, मुलाखतीच्या वाक्यानंतरच्या पानावर, सरांचं दुसरं वाक्य सापडलं: ‘नवा माणूस समोर आला की आधी पाटी कोरी करा.’ मी त्याखाली दोन रेघा ओढलेल्या होत्या.

ओळ दोन ओळी खाली सरकवली. टिंबानं ती निमूटपणे घेतली.

पुढच्या वर्षी नानांच्या नातीचं लग्न निघालं. आबांचा हात बरा झाला होता आणि नानांच्या सगळ्या पत्रिकांवर नावं आबांनीच घातली, असं कळलं. जळगावच्या पत्त्यावर आमचीही आली. काळ्या शाईत माझं नाव, तेच वळणदार अक्षर. लाल शाई दिसेल म्हणून मी उत्सुकतेनं कोपऱ्यात पाहिलं. तिथे खास माझ्यासाठी काळ्याच शाईत लिहिलं होतं: ‘घरटी एक.’

आणि त्याखाली, बारीक अक्षरात: ‘सूनबाईंना पाठवणे.’